मांडव दरवर्षी पडतो, संजीवन कुठे अडलंय?

कंपाउंडातला

सगळ्यांना जय ख्रिस्त. जे ख्रिस्ती नाहीत त्यांना नमस्कार. धागा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मी नगर जिल्ह्यातल्या एका जुन्या मिशन कंपाउंडात वाढलो. (अहिल्यानगर म्हणायची सवय जिभेला अजून लागायचीय.) आता नोकरीला पुण्यात. जानेवारीत गावच्या मंडळीची (म्हणजे चर्चची) संजीवन सभा होती, थंडावलेली श्रद्धा पुन्हा जागवायची सभा, म्हणून रजा टाकून गेलो. तीन रात्री. मांडव, भाड्याच्या चारशे खुर्च्या, छातीत धडधडेल असे स्पीकर, बाहेरगावचे वक्ते. शेवटच्या रात्री पुलाव. वक्त्यांनी हाक दिली तेव्हा निम्मा मांडव पुढे गेला, लोक ढसाढसा रडले. मीही गेलो पुढे, खोटं कशाला बोलू.

मग मुद्दाम पुढचा रविवार धरून थांबलो. उपासनेला आलेली डोकी मोजली. पाळकसाहेबांना धरून 31.

त्या 31 मध्येही दोन पक्ष. खिडकीकडचे आणि भिंतीकडचे. अकरा वर्षांपूर्वी कंपाउंडाच्या रस्त्याकडच्या बाजूला गाळे काढायचे की नाही यावरून कमिटीत वाजलं. गाळे झाले नाहीत, कोर्टकेस मात्र झाली. तेव्हापासून प्रभुभोजनाला आधी खिडकीकडचे उठतात, ते जागेवर येऊन बसले की मग भिंतीकडचे. चर्चची पेटी आजोबांच्या काळातली, तिच्यावर ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं ऐकत आम्ही वाढलो. ती आता वेस्ट्रीच्या, म्हणजे चर्चला लागून असलेल्या खोलीच्या, कपाटात बंद आहे. कपाटाची किल्ली एका गटाकडे, पेटीच्या खोक्याची दुसऱ्या गटाकडे. गाणी पेनड्राइव्हवर वाजतात.

बायबलातल्या हबक्कूक संदेष्ट्याची प्रार्थना आम्ही दरवर्षी बॅनरवर छापतो, प्रभू तुझ्या कामात पुन्हा जीव घाल म्हणून. मागच्या वर्षीचा बॅनर एकाच्या शेळ्यांच्या गोठ्यावर ताडपत्री म्हणून आहे.

1905 साली केडगावला जे झालं ते प्रत्येक वक्ता सांगतो. मराठी मुलखात, मराठी बायापोरींमध्ये झालं. मग आपल्यात काय आटलं? मला उपदेश नको, अनुभव सांगा.

चौकस_चिमणी

केडगाव म्हणजे नगरच्या शेजारचं ना? रोज तिथून जाते, असलं काही ऐकलं नाही कधी.

जुनी_पानं

ते वेगळं. हे दौंड तालुक्यातलं, पुणे-दौंड रेल्वेवरचं. नारायण महाराजांचं बेट आहे तेच केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे.

थोडक्यात सांगतो. (थोडक्यात मला जमत नाही.)

शारदा सदन, म्हणजे बाईंची विधवा मुलींसाठीची शाळा, मुंबईत 1889 मध्ये निघालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. 1893 मध्ये मुलींच्या धर्मांतराचा वाद पेटला, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, केसरीने झोड उठवली. इथवर शाळेत शिकलेल्यांना ठाऊक असतं, आणि बहुतेकांच्या रमाबाई इथेच संपतात. पण 1896-97 च्या दुष्काळात बाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली घेऊन आल्या. 1900 च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातून आणखी आणल्या. केडगावच्या माळावर दोन हजारांच्या आसपास जीव जमले. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना, सगळं त्याच मुलींच्या हातांवर.

जानेवारी 1905 मध्ये बाईंनी विचारलं, रोज प्रार्थनेला कोण कोण येणार? सत्तरएक जणी उठल्या. जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या, दिवसातून दोनदा जमायच्या. 29 जूनच्या पहाटे एका मुलीच्या अंगात आग शिरल्यासारखं झालं. शेजारच्या मुलीला ती खरोखर पेटलेली दिसली. ती धावत गेली, पाण्याची बादली उचलून आणली, ओतणार एवढ्यात कळलं की पोरगी जळत नाहीये. मिनी अब्रॅम्सने हे लिहून ठेवलंय. अमेरिकन मेथडिस्ट बाई, रमाबाईंची सहकारी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई योहानाचा आठवा अध्याय समजावत होत्या, नेहमीच्या शांत आवाजात. मुली एकाएकी मोठ्याने रडत प्रार्थना करायला लागल्या. बाईंना बोलणं थांबवावं लागलं.

बादलीपर्यंत सगळे वक्ते रंगवून सांगतात. पुढे ते घड्याळ बघतात. पुढे असं झालं की शाळेचे वर्ग बाजूला पडले आणि दिवसच्या दिवस पापांच्या कबुल्या चालल्या. त्यानंतर शेकडो मुलींनी नावं दिली आणि त्यांच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या.

एक अवांतर. अब्रॅम्सने यावर 1906 मध्ये पुस्तिका काढली. ती चिलीमधल्या वाल्पाराइसोला तिच्या एका वर्गमैत्रिणीकडे पोचली, आणि तिथल्या मेथडिस्ट मंडळीत 1909 मध्ये जी जागृती झाली तिचं एक मूळ केडगावात धरतात. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची ती प्रसिद्ध जागृती एप्रिल 1906 ची. म्हणजे आधी दौंड तालुका, मग अमेरिका. हे सांगताना मला दरवेळी गुदगुल्या होतात.

तर्कट

इतिहास उत्तम. पण दुष्काळातून उचललेल्या, आईबाप डोळ्यांदेखत गेलेल्या शेकडो पोरी एका आवारात. दिवसातून दोनदा सामूहिक प्रार्थना. बाहेरून वेल्समधल्या अशाच जागृतीच्या बातम्या. रडू फुटणार नाही तर काय होणार? साचलेलं बाहेर आलं. त्यात आग-बिग कशाला आणायची?

जुनी_पानं

हा आक्षेप त्या वेळच्या कित्येक गोऱ्या मिशनऱ्यांनीही घेतला होता, शब्द वेगळे होते एवढंच. फार गोंगाट, फार हातवारे. रमाबाईंचं म्हणणं असं, की भारतीय माणूस देवापुढे भारतीय रीतीने मोकळा होणार, त्याला पाश्चात्त्य शिस्तीचं माप लावू नका. आणि अन्यभाषेत बोलता येणं (प्रार्थनेत अनोळखी भाषा तोंडून येणं) हीच पवित्र आत्म्याची खूण, हेही त्यांनी मानलं नाही. खूण असेल तर प्रीती.

टाळकरी

तर्कटराव, मी माळकरी. दर आषाढीला चालतो. वाखरीच्या रिंगणात धाय मोकलून रडणारा माणूस पाहिलाय, आणि एका वर्षी तो मीच होतो. वडील जाऊन चार महिने झाले होते, तोवर डोळ्यांतून टिपूस नव्हतं. तुमचं मानसशास्त्र बरोबरच असेल. पण मला तिथे घेऊन कोण गेलं, ते त्यात येत नाही.

ना. वा. टिळक म्हणत की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेले. आम्ही पुलाच्या अलीकडे राहतो, एवढाच फरक. कंपाउंडातले, तुमच्या मांडवाचं वाचून हसू आलं. आमच्याकडे सप्त्याला आता कीर्तनकाराचं पाकीट आधी ठरतं आणि मग तारीख. काल्याला गर्दी, काकड्याला विणेकरी आणि मी.

तर्कट

रिंगणाचं मान्य. माघार नाही, पण मान्य.

हिशेबनीस

निवृत्त माणूस आहे, आकड्यांवर बोलतो.

31 माणसं म्हणजे श्रद्धा आटली, हा निष्कर्ष घाईचा आहे. आपल्या मंडळ्या मिशनच्या शाळा, दवाखाने, बोर्डिंगांभोवती वाढल्या. अमेरिकन मराठी मिशन 1813 ला मुंबईत आलं, 1831 ला नगरला. शिक्षक, कंपाउंडर, नर्स, बायबल-बाई, सगळ्यांचा पगार एका खिशातून. पुढे परदेशी हात सुटला. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चसंस्था मिळून उत्तर भारतीय मंडळी (सीएनआय) झाली, म्हणजे कारभार आपल्या हाती आला. त्याच सुमारास आपली पोरं पिंपरी-चिंचवडला कारखान्यांत चिकटली. गावी राहिले म्हातारे आणि जमिनीचे कागद. माणसं कमी, जमीन जास्त, आणि जमिनीचा भाव दर पाच वर्षांनी वर. भांडण न होतं तरच नवल.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती 10.8 लाख, शंभरात एकसुद्धा नाही. एवढ्या लहान समाजात मंडळी म्हणजे गावकी आणि भावकी दोन्ही. तेव्हा आत्मिक ऱ्हास वगैरे म्हणण्याआधी सात-बारा बघा.

कंपाउंडातला

सात-बारा पाठ आहे. पण हिशेबनीस, पोरं पिंपरीला गेल्याने खिडकीकडचे भिंतीकडच्यांशी बोलायचे थांबत नाहीत.

नवी_पालवी

मी त्यातलीच एक, पिंपरीवाली. आईबाबा जुन्या चर्चचे, मी एका नव्या फेलोशिपला जाते. हॉल भाड्याचा, गाणी हिंदी-इंग्लिश, ड्रम्स वगैरे. आईला वाटतं मी भरकटले. खरं कारण सांगू? तिथे पहिल्या दिवशी मला कोणी विचारलं नाही, "तू कोणाची गं?" आमच्या चर्चमध्ये या प्रश्नाचं उत्तर दिलं की मी कुठे बसायचं ते ठरतं.

टिळकांची भजनं सुंदर असतील. मी इंग्लिश मीडियमची, मला निम्मे शब्द कळत नाहीत आणि कोणी समजावूनही सांगितले नाहीत. सात वर्षं संडे स्कूलमध्ये रंगवायला नोहाचं तारूच मिळालं.

आणि हो, आमच्याकडेही सगळं गोड नाही. परवाच्या पोस्टरवर पास्टरांचा फोटो येशूच्या नावाच्या चौपट होता. ते बघून मी हा धागा उघडला.

वसईकर_मी

आम्ही कॅथलिक. रविवारी आमच्याकडे मिस्साला उभं राहावं लागतं, तरी आतून पोकळ वाटतं ही तक्रार आमच्या ओट्यावरही चालते. शाळा, बँक, फुटबॉल, सगळं जोरात. कन्फेशनची, फादरांपुढे पापं कबूल करायची, रांग मात्र आखूड.

माझी आजी लुगडं नेसायची, वाडीत भांडखोर म्हणून प्रसिद्ध. शनिवारी कन्फेशनला जायची आणि येताना जिच्याशी भांडली तिच्या दारात थांबून यायची. फादरांनी प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना सांगितल्या की ती खूश, पण म्हातारे फादर हुशार होते, तिला शेजारणीकडेच पाठवायचे. आजी तणतणत जायची. कधीकधी तिथून नवीन भांडण घेऊन यायची. पण जायची.

संपादक

धर्मांतर या विषयावरचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळे धागे आहेत. पुष्कळ आहेत.

कार्डिफहून

माहेर सोलापूर, चौदा वर्षं वेल्समध्ये. वर वेल्सचं नाव आलं म्हणून.

स्वॉन्झीजवळच्या मोराया चॅपलला मी गेलेय. ऑक्टोबर 1904 च्या शेवटी इव्हान रॉबर्ट्स नावाचा 26 वर्षांचा मुलगा, आधी कोळशाच्या खाणीत राबलेला, तिथे सभेनंतर थांबलेल्या मूठभर तरुणांशी बोलला. त्याचं सांगणं साधं होतं: ठाऊक असलेलं पाप कबूल करा, शंका वाटते ते सोडा, आत्मा सांगेल ते लगेच करा, ख्रिस्ताचं नाव उघड घ्या. काही महिन्यांत लाखभर लोक मंडळ्यांत आले असं मानतात. इथे एक गोष्ट अजून सांगतात. खाणकामगारांनी शिव्या देणं सोडलं आणि खाणीतल्या घोड्यांना हुकूमच कळेनात, कारण त्यांना शिव्यांचीच भाषा येत होती. खरी असो नसो, मला फार आवडते.

वेल्श मिशन 1841 पासून खासी टेकड्यांत होतं, म्हणून ती लाट 1905 मध्ये तिकडेही उठली. केडगावला बातम्या पोचल्याच होत्या.

आता इथलं. आमच्या रस्त्यावरचं चॅपल फ्लॅट झालंय. वर्षाचा दगड अजून दारावर आहे, खाली सहा बेल. 2021 च्या जनगणनेत वेल्समध्ये "धर्म नाही" म्हणणारे 46.5 टक्के, ख्रिस्ती 43.6. इव्हान रॉबर्ट्स स्वतः 1906 मध्ये थकून कोसळला, सभा सोडल्या आणि पुढची बरीच वर्षं लोकांपासून लांब राहिला. 1951 मध्ये याच शहरात वारला. त्यामुळे सभेत कोणी "वेल्ससारखी जागृती दे प्रभू" म्हणालं की मी आमेन म्हणते, पण जरा दबकत. पाऊस चांगला पडला म्हणून तळं कायमचं भरत नाही, हे मी रोज बसमधून बघते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या चर्चमध्ये केरळच्या नर्सेसचा एक गट यायला लागला. रात्रपाळी करून थेट येतात, कोटाखाली युनिफॉर्म. म्हाताऱ्या वेल्श बायका त्यांच्यासाठी हीटरजवळची जागा राखून ठेवतात. बाकी काही बदललेलं नाही.

जुनी_पानं

कार्डिफताई, छान लिहिलंत. टिळकांनाही ही आटलेपणाची बोच होती, बरं का. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, साताऱ्यात "देवाचा दरबार" मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही चालत. दोन वर्षांत ते गेले, दरबार फार टिकला नाही. म्हणजे "पूर्वी मंडळी किती जिवंत होती" असं आपण ज्या काळाबद्दल म्हणतो, त्या काळातला सर्वांत जिवंत माणूस हेच म्हणत होता.

पाळकीणबाई

सगळं वाचलं. यजमान पाळक आहेत, आतापर्यंत सहा गावं फिरलो.

तुम्ही लोक 1905 बद्दल लिहिताय. मी शुक्रवारबद्दल लिहिते. दर शुक्रवारी दुपारी तीनला महिला संघाची प्रार्थना असते. येतात चौघी. एकीचे गुडघे गेलेत, ती खुर्चीवर. तिच्यासाठी खुर्ची मी घरून नेते, कारण चर्चच्या खुर्च्या कमिटीच्या कुलपात. एक भाजी विकून येते, पाटी दाराशी ठेवते. ती प्रार्थनेत प्रत्येक घराचं नाव घेते, खिडकीकडचं आणि भिंतीकडचं. (हो, आमच्याकडेही आहेत, नावं वेगळी.) दारूत बुडालेल्या पोरांची नावं घेते. ज्याने तिच्या नवऱ्याला कोर्टात खेचलं त्याच्या सुनेच्या बाळंतपणासाठी तिने नऊ महिने प्रार्थना केली. वाढदिवसासारखी तारीख लक्षात ठेवून. याचा बॅनर कोणी छापला नाही.

संजीवन सभेच्या वक्त्यांना पाकीट, हार, गाडी. पाळकाचा पगार तीन-तीन महिने मागे. तक्रार नाही करत, वस्तुस्थिती सांगते. त्या पाकिटाचे पैसे कुठून येतात, ते स्वयंपाकघरातून दिसतं.

आणि कंपाउंडातले भाऊ, तुम्ही सगळं बारीकसारीक लिहिलंत. खुर्च्या किती, पुलाव कसला. कपाटाची किल्ली एका गटाकडे आणि पेटीच्या खोक्याची दुसऱ्याकडे. दुसऱ्या म्हणजे कोणाकडे, ते लिहिलं नाहीत.

चौकस_चिमणी

ओह.

तर्कट

काकू, तुम्ही वकील व्हायला हव्या होत्या.

नवी_पालवी

त्या भाजीवाल्या मावशींचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्या हॉलमध्ये अशी कोणी आहे का बघते येत्या रविवारी. स्टेजकडे तोंड करून बसतो ना सगळे, मागे कोण आहे ते दिसत नाही.

हिशेबनीस

धागाकर्ते चार दिवस गायब. किल्लीचा प्रश्न लागलेला दिसतो.

कंपाउंडातला

गायब नव्हतो. लिहून खोडत होतो.

पाळकीणबाई, किल्ली आमच्या घरात आहे. फडताळात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात वडिलांच्या चष्म्यांखाली. खटला भरणाऱ्यांत पहिली सही वडिलांची. ते 2019 मध्ये गेले. मी एकुलता एक. म्हणजे सहा वर्षांच्या वर ती किल्ली माझ्या ताब्यात आहे आणि मी पुण्यात बसून "पेटी बंद आहे हो" म्हणून हळहळतोय. जानेवारीत मांडवात पुढे जाऊन रडलो, तेव्हाही घरी डबा तिथेच होता. रडताना तो मला आठवला होता, हे खरं लिहायला चार दिवस लागले.

कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांना मी लहानपणी आबा म्हणायचो. सायकल त्यांनी शिकवली. वडिलांच्या दफनविधीला ते आले होते, फाटकाबाहेर उभे राहिले. मी पाहिलं आणि आत या म्हणालो नाही.

शनिवारी गावी जातोय. काय होईल ठाऊक नाही.

टाळकरी

माउली, जा.

कंपाउंडातला

गेलो होतो. फार नाट्य नाही, अपेक्षाभंग होईल.

आबा ओट्यावर लसूण सोलत बसले होते. ऐकू कमी येतं आता. मी किल्ली समोर ठेवली. ते म्हणाले, "कशाची?" मी म्हणालो पेटीची. बराच वेळ किल्लीकडे बघून म्हणाले, "तुझ्या बापाने मागितली असती तर मी दिली असती." मी म्हणालो, त्यांनी मागितली नाही आणि मीही तुम्हाला त्या दिवशी आत बोलावलं नाही, चुकलं माझं. यावर ते काही बोलले नाहीत. लसूण संपवला. मग आत जाऊन कपाटाची किल्ली आणली आणि काठी घेऊन माझ्याबरोबर चालायला लागले. खटला आहे तसा आहे. रविवारी ते खिडकीकडेच बसले. मी भिंतीकडे, आईशेजारी.

पेटी काढली. खोक्यात झुरळांची अंडी, वरची शाल कुजलेली. भाता दोन ठिकाणी फाटलाय, चार स्वर दाबले की वर येत नाहीत, एक आपोआप वाजत राहतो. आबांनी तो एक स्वर बराच वेळ वाजू दिला.

पेटी गाडीत घालून पुण्याला आणलीय. शहरात जुन्या पेट्या नीट दुरुस्त करणारा कोणी माहितीत आहे का? भाता कातडी घालून बदलायचाय. एका दुकानदाराने नवीनच घ्या म्हणून सांगितलं, ते नकोय.

वसईकर_मी

व्यनि केलाय. म्हातारा कारागीर आहे, वेळ लावतो, पण हात चांगला. आधी फोन करून जा, दुपारी झोपतो.